'इक्बाल'मध्ये एक शब्दही न बोललेला श्रेयस तळपदे 'पुष्पा'चा आवाज कसा झाला?

डिसेंबर २०२१. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला घराघरात झी मराठीवर 'माझी तुझी रेशीमगाठ' लागलेली असायची. नेहाच्या प्रेमात पडलेला, तिच्या छोट्या परीशी गट्टी जमवलेला यशवर्धन चौधरी एकदम स्वच्छ, गोड, शहरी मराठीत बोलायचा. बायका-पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे त्याच्यावर खूश.

आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला, त्याच घरातली कॉलेजला जाणारी पोरं थिएटरात बसून लाल चंदनाची तस्करी करणाऱ्या एका दाढीवाल्या माणसाच्या तोंडून ऐकत होती, "झुकेगा नहीं".

घरातला तो यश आणि थिएटरातला हा पुष्पा, दोघांचा गळा एकच होता. श्रेयस तळपदेचा.

आता ही गोष्ट बहुतेकांना माहिती आहे. पुष्पाचा हिंदी आवाज श्रेयसने दिला, हे रील्स बघणाऱ्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण मुळात हा माणूस हिंदी सिनेमात आला तो तोंडातून एक शब्द न काढता. ज्या सिनेमाने त्याला ओळख दिली, त्यात त्याला संवादच नव्हते. तिथून निघून फक्त आवाजाच्या जोरावर देशभर पोहोचेपर्यंत मधे १६ वर्षं गेली. या १६ वर्षांत काय झालं ते बघितलं की डबिंग या कामाबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती हलायला लागतात.

सुरुवातीपासून बघू.

श्रेयस मुंबईचा. जन्म १९७६ चा. घरात सिनेमाचं वारं होतंच. हिंदी आणि मराठी दोन्हीकडे नाचून-अभिनय करून नाव कमावलेल्या जयश्री टी. त्याच्या आत्या. त्या 'टी'चा अर्थ तळपदे, हे मात्र खूप कमी जणांना माहिती असतं. पण आत्या सिनेमात आहे म्हणून श्रेयसला कोणी थेट हिरो केलं नाही. तो आला टीव्हीवरून. 'आभाळमाया', 'अवंतिका' या मालिकांच्या काळात वाढलेल्या प्रेक्षकांना तो तिथला ओळखीचा चेहरा म्हणून आठवतो. २००४ मध्ये महेश कोठारेंचा 'पछाडलेला' आणि राजीव पाटील यांचा 'सावरखेड एक गाव' हे दोन मराठी सिनेमे आले आणि दोन्हीत तो होता. 'पछाडलेला' तर आजही टीव्हीवर लागला की लोक रिमोट बाजूला ठेवतात.

मग २००५ ला आला 'इक्बाल'.

नागेश कुकुनूरचा हा सिनेमा. एका खेड्यातला मुलगा, ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण भारताकडून बॉलिंग करायची आहे. नसीरुद्दीन शाह त्याचा दारुडा कोच. श्रेयसकडे अख्ख्या सिनेमात फक्त डोळे, हात आणि बॉलिंगचा रनअप. त्याच्या वतीने बोलायचं काम बहिणीचं, म्हणजे खदिजाचं. ती भूमिका श्वेता बसू प्रसादने केली होती. इक्बाल हातवारे करणार आणि खदिजा ते लोकांना शब्दांत सांगणार. म्हणजे बघा, श्रेयसच्या पहिल्या मोठ्या हिंदी सिनेमात त्याला 'आवाज' दुसऱ्याच कोणीतरी दिला होता. सिनेमाला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाह यांना सहाय्यक अभिनेत्याचा.

नव्या नटाला संवाद नसलेली भूमिका मिळणं म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यासारखं. पण त्यामुळे एक झालं. चेहरा आणि अंग काय सांगतं आणि त्यावर शब्द बसवले तर ते कुठे बसतील, हा विचार त्याला उलट्या बाजूने करावा लागला. माझ्या मते पुष्पाची तयारी तिथेच कुठेतरी सुरू झाली. हे त्यालाही तेव्हा माहिती असण्याचं कारण नव्हतं म्हणा.

पुढच्या काही भूमिका तर कोणी मुद्दाम रांगेत लावल्यासारख्या आहेत.

२००६ ला 'डोर'. पुन्हा कुकुनूर. यात श्रेयस बहुरूपी. सोंगं घेऊन, आवाज बदलून लोकांना गंडवणारा. २००८ ला श्याम बेनेगलांचा 'वेलकम टू सज्जनपूर'. यात तो महादेव, गावातल्या निरक्षर लोकांची पत्रं लिहून देणारा. परगावी असलेल्या नवऱ्याला बायको काय सांगेल, आई मुलाला काय म्हणेल, हे सगळं दुसऱ्याच्या मनात शिरून कागदावर उतरवणारा माणूस. मग २०१० ला 'गोलमाल ३', त्यात तो तोतरा लक्ष्मण.

एकदा न बोलणारा, एकदा आवाज बदलणारा, एकदा दुसऱ्यांच्या वतीने बोलणारा आणि एकदा बोलताना अडखळणारा. एवढ्या वेगवेगळ्या तऱ्हांनी 'बोलणं' या गोष्टीशी खेळायची संधी त्याच्या पिढीतल्या फारच थोड्या नटांना मिळाली असेल.

पण इंडस्ट्रीला यातलं काही दिसलं नाही. इंडस्ट्रीला दिसला 'गोलमाल'. त्याआधी २००७ मध्ये 'ओम शांती ओम'मधला शाहरुखचा जिवलग पप्पू मास्टर हिट झालेला होताच. मग काय, हिरोचा मित्र, चार जणांच्या टोळीतला एक, धावपळ करणारा, ओरडणारा. 'हाऊसफुल २' वगैरे. पैसे मिळत होते, चेहरा दिसत होता, पण 'इक्बाल' बघून ज्यांनी या पोराकडून अपेक्षा ठेवल्या होत्या त्यांना हळूहळू त्याची आठवण यायची बंद झाली.

या काळात त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. मराठी सोडली नाही.

२००८ ला त्याने 'सनई चौघडे'ची निर्मिती केली. सई ताम्हणकर मराठीत पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर दिसली ती याच सिनेमात. २०१४ ला आला 'पोश्टर बॉईज'. दिग्दर्शक समीर पाटील, निर्माता श्रेयस. नसबंदीच्या सरकारी पोस्टरवर आपले फोटो न विचारता छापले गेल्याचं कळल्यावर तीन साध्या माणसांच्या आयुष्याचं काय होतं, अशी गोष्ट. दिलीप प्रभावळकर, हृषीकेश जोशी आणि अनिकेत विश्वासराव यांनी धमाल केली होती. हाच सिनेमा श्रेयसने २०१७ ला हिंदीत केला, यावेळी दिग्दर्शक म्हणून. सोबत सनी देओल आणि बॉबी देओल.

मराठीतला विनोद हिंदीत नेताना काय काय गळतं, याचा धडा बघायचा असेल तर हे दोन सिनेमे पाठोपाठ बघा. मराठी सिनेमातला विनोद खेड्यातल्या बोलण्याच्या ढंगात होता. कोण कुणाला 'ओ' म्हणतं, कोण 'अरे' म्हणतं, कोण वाक्य अर्धवट सोडतं. हिंदीत गोष्ट पोहोचली, ढंग नाही पोहोचला. एका भाषेतला माणूस दुसऱ्या भाषेत उभा करायचा तर शब्द बदलून भागत नाही, हे दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून त्याला चार वर्षं आधीच कळलं असणार.

इथून आपण येतो डबिंगवर.

२०१९ ला डिस्नेचा 'द लायन किंग' नव्याने आला. हिंदीत मुफासाचा आवाज शाहरुख खानचा, सिंबाचा आर्यन खानचा. सगळ्या बातम्या या बाप-लेकाच्या. पण सिनेमा बघून आलेले लोक बोलत होते टिमॉन आणि पुंबाबद्दल. पुंबा होता संजय मिश्रा आणि टिमॉन श्रेयस तळपदे. मूळ इंग्रजीतल्या विनोदाचं भाषांतर करत न बसता या दोघांनी मुंबईच्या नाक्यावरची हिंदी तोंडात घेतली आणि आफ्रिकेच्या जंगलात सोडून दिली. पोरं हसून लोळली.

आणि मग पुष्पा.

त्या आधी अल्लू अर्जुनचा हिंदी आवाज कोणाचा होता? तर संकेत म्हात्रेचा. टीव्हीवर आणि यूट्यूबवर 'सरैनोडू', 'डीजे' असे डब सिनेमे ज्यांनी वीस-वीस वेळा बघितलेत, त्यांच्या डोक्यात अल्लू अर्जुन संकेतच्याच आवाजात बोलतो. संकेत हा या धंद्यातला मुरलेला माणूस, मराठीच. त्यामुळे 'पुष्पा'साठी आवाज बदलल्याचं कळलं तेव्हा जुने फॅन नाराज झाले होते. त्यांची नाराजी चुकीची होती असं मला वाटत नाही. ज्याने वर्षानुवर्षं एखाद्या हिरोला हिंदी पट्ट्यात उभं केलं, त्याच्या जागी मोठ्या सिनेमाच्या वेळी ओळखीच्या चेहऱ्याचा नट येतो, हे डबिंगवाल्यांच्या वाट्याला नेहमीच येतं. 'द लायन किंग'चंच बघा, पोस्टरवर नाव छापता येईल अशांनाच आवाज दिले गेले.

पण श्रेयसने जे केलं ते वेगळं होतं, आणि ते का वेगळं होतं हे समजायला डबिंग कसं होतं ते थोडक्यात बघावं लागेल.

स्टुडिओत एक छोटी खोली असते. समोर स्क्रीन, एक माईक, कानावर हेडफोन, शेजारी स्टँडवर संवादांचे कागद. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर. सीनचे छोटे छोटे तुकडे करतात. आधी मूळ संवाद हेडफोनमध्ये ऐकायचा, स्क्रीनवर ओठ कधी उघडतात, कधी मिटतात ते बघायचं, आणि मग त्याच मापात आपलं वाक्य टाकायचं. लांब झालं तर शब्द कापा, आखूड पडलं तर भर घाला. समोर दुसरा नट नसतो. भांडण असो की प्रेम, सगळं एकट्याने, भिंतीकडे बघून. आणि फक्त संवादच नाही. हाणामारीतली 'हुं', पळताना लागलेली धाप, लाथ बसल्यावर निघालेला श्वास, झोपेतली कूस. हे सगळं पण नव्याने द्यावं लागतं, कारण मूळ नटाचा आवाज काढला की त्याचा श्वासही जातो.

यात सगळ्यात मोठी डोकेदुखी ओठांची. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावर ओठ मिटले आणि कानावर 'क' पडला की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही. दुसरं, तेलुगूतले बहुतेक शब्द स्वरावर संपतात. म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड शेवटी उघडं राहतं. हिंदी-मराठीत मात्र आपण 'घर', 'काम', 'रात' असे व्यंजनावर आपटतो. म्हणून डब सिनेमातली पात्रं सारखी 'ना', 'रे', 'क्या', 'है' असं काहीतरी वाक्याच्या शेपटीला लावत असतात. लेखकाला शब्द सुचले नाहीत म्हणून ते आलेले नसतात. ते उघडं तोंड भरायला आलेले असतात.

आता पुष्पाचा तो डायलॉग घ्या. मूळ तेलुगूत तो आहे 'तग्गेदे ले'. अर्थ साधारण 'कमी पडणार नाही, माघार घेणार नाही'. हिंदीत शब्दशः केलं असतं तर 'पीछे नहीं हटूंगा' झालं असतं. व्याकरणाला बरोबर, पण सिनेमाला मेलेलं. आणि सुरुवातीलाच 'प', म्हणजे ओठ मिटायला हवेत. पडद्यावर ते मिटतच नाहीत. 'तग्गेदे ले'मध्ये ओठ मिटणारं एकही अक्षर नाही. 'झुकेगा नहीं'मध्येही नाही. दोन्ही वाक्यं ओठ न मिटता, दात दाखवत म्हणता येतात. हनुवटीखालून हात फिरवत अल्लू अर्जुन ते म्हणतो तेव्हा आवाज त्याच्या तोंडातून निघाल्यासारखा वाटतो, त्यामागे हा हिशोब आहे.

पण खरी गंमत पुढे आहे.

शाळेत हिंदीचा पेपर दिलेल्या कोणालाही कळेल की 'मैं झुकेगा नहीं' हे चुकीचं आहे. 'मैं झुकूंगा नहीं' पाहिजे. मग ही चूक का चालली? नुसती चालली नाही, तर तीच लोकांच्या तोंडात बसली?

पुष्पा हा मूळ सिनेमात शेषाचलमच्या डोंगरातला मजूर. चित्तूरकडची तेलुगू बोलतो. तेलुगू प्रेक्षकाला त्याचा पहिला शब्द ऐकल्याबरोबर कळतं की हा हैदराबादच्या बंगल्यातला नाही. हिंदीत चित्तूर कुठून आणणार? भोजपुरी लावली तर तो बिहारचा वाटेल, हरियाणवी लावली तर जाट. पाहिजे होती अशी हिंदी, जी कोणत्याच गावाची नाही पण कष्टकऱ्याची आहे. ज्याची मातृभाषा हिंदी नाही, ज्याने ती पुस्तकात न शिकता कामावर उचलली, अशा माणसाची. अशी हिंदी देशात एका शहरात तयार मिळते. मुंबईत.

आणि तिचं व्याकरण कुठून आलं असेल? एकदा मराठीत म्हणून बघा. 'मी झुकणार नाही.' 'तो झुकणार नाही.' क्रियापद बदललं? नाही. आपल्या मराठीत 'णार' लावलं की मी असो, तू असो की तो असो, रूप तेच राहतं. मराठी माणूस ही सवय घेऊन हिंदीत शिरला की 'वो करेगा' आणि 'मैं करेगा' हे दोन्ही त्याला सारखंच बरोबर वाटतं. मुंबईच्या हिंदीत गुजराती, कोकणी, दक्खनी असं बरंच काही मिसळलेलं आहे, त्यामुळे सगळं श्रेय मराठीला द्यायचा हट्ट नको. पण 'झुकेगा' म्हणताना श्रेयसला कसलंही सोंग घ्यावं लागलं नसणार, हे नक्की. ही हिंदी त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली होती. दिल्लीच्या एखाद्या कसलेल्या आवाजाने हेच वाक्य म्हटलं असतं तर त्यात 'मी मुद्दाम चुकीचं बोलतोय' असा वास आला असता. दोन भाषा येणं म्हणजे दोन भाषांत अस्खलित बोलता येणं, असं आपण समजतो. इथे उपयोगी पडली ती दोन भाषांच्या मधली, अर्धी-कच्ची जागा.

आवाजाचं म्हणाल तर श्रेयसचा स्वतःचा आवाज तसा हलका, मोकळा. पुष्पासाठी तो खाली उतरला, घशात ओढला गेला, थोडा आळशी झाला. पुष्पा एक खांदा वर करून चालतो. श्रेयसचा आवाजही तसाच एका बाजूला कललेला वाटतो. कधी तोंडात विडी, कधी तंबाखू, कधी दारू. असे सीन खरे वाटावेत म्हणून 'पुष्पा २'च्या डबिंगला तोंडात कापूस धरून बोललो, असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं.

पिक्चरचं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे, पण परिस्थिती आठवून बघा. आदल्याच दिवशी 'स्पायडरमॅन: नो वे होम' रिलीज झालेला. पुढच्या आठवड्यात रणवीर सिंगचा '८३' येणार. महाराष्ट्रात थिएटरं अजून ५० टक्के क्षमतेनेच चालू. हिंदीत पुष्पाची फारशी जाहिरातसुद्धा नव्हती. पहिल्या दिवशी हिंदीतून साधारण ३ कोटी आले. आणि मग लोक एकमेकांना सांगत सुटले. १४ जानेवारी २०२२ ला हिंदी व्हर्जन ओटीटीवर आलं तरी थिएटरं चालूच होती. शेवटी हिंदीचा गल्ला १०० कोटींच्या पुढे गेला. रवींद्र जडेजापासून डेव्हिड वॉर्नरपर्यंत सगळे पुष्पा झाले. चेहरा, दाढी, हात अल्लू अर्जुनचा. शब्द श्रेयसचे. आणि हिंदीतलं 'श्रीवल्ली' गायलं जावेद अलीने. एका पुष्पात तीन माणसं होती.

अल्लू अर्जुनला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेलुगूत त्याचा स्वतःचा आवाज आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार असायचं कारणच नाही. पण आवाज देणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न जुना आहे आणि तो श्रेयसच्या कितीतरी आधीपासून पडून आहे.

ज्या 'ओम शांती ओम'मध्ये श्रेयस पप्पू होता, त्याच सिनेमात दीपिका पदुकोण पहिल्यांदा हिंदीत दिसली. फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार तिला मिळाला. पण त्या सिनेमात ऐकू येतो तो आवाज दीपिकाचा नाही, मोना घोष शेट्टीचा आहे. 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जीसाठी बोललेली तीच. त्याही मागे जा. १९८६ च्या 'आखरी रास्ता'मध्ये श्रीदेवीचा आवाज रेखाने दिला होता.

सगळ्यात भारी किस्सा मल्याळमचा आहे. आपण जो 'भूल भुलैया' बघितला, त्याचा मूळ सिनेमा म्हणजे १९९३ चा 'मणिचित्रताळु'. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायिकेचा आवाज होता भाग्यलक्ष्मीचा. पण तिच्यात नागवल्लीचं भूत शिरतं आणि ती तमिळ बोलायला लागते, तो थरकाप उडवणारा आवाज दुसरीचा, दुर्गा नावाच्या तमिळ डबिंग कलाकाराचा. हे लोकांना कधी कळलं? २०१६ मध्ये, दिग्दर्शक फाजिल यांनी सांगितलं तेव्हा. तब्बल २३ वर्षं लोक भलत्याच बाईचं कौतुक करत होते.

तरी केरळ यात आपल्या पुढे आहे. तिथल्या राज्य चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलाकारांसाठी वेगळा पुरस्कार असतो. अल्लू अर्जुनचा मल्याळम आवाज म्हणजे जिस जॉय, हे तिथल्या प्रेक्षकांना व्यवस्थित माहिती आहे. हा जिस जॉय पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. आपल्याकडे प्रभासच्या 'बाहुबली'चा हिंदी आवाज शरद केळकरचा हे लोकांना कळलं, कारण शरद पडद्यावरही दिसतो. श्रेयसचंही तेच. चेहरा आधीच ओळखीचा होता म्हणून आवाजाचं नाव झालं. ज्यांचा चेहराच कधी दिसला नाही, ती शेकडो माणसं रोज अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत दुसऱ्यांचे श्वास घेऊन घरी जातात.

आणि आता त्यांच्यासमोर नवीनच संकट उभं आहे. एआय.

२०२४ मध्ये रजनीकांतचा 'वेट्टैयन' आला. त्यात अमिताभ बच्चन होते. टीझरमध्ये त्यांना प्रकाश राजचा आवाज दिला होता, लोकांना तो रुचला नाही. मग सिनेमात एआय वापरून तमिळ संवाद बच्चन यांच्याच आवाजात ऐकवले गेले. प्रेक्षक म्हणून ऐकायला हे छानच वाटतं, स्टार प्रत्येक भाषेत आपल्याच आवाजात बोलणार. पण मग 'तग्गेदे ले'चं काय झालं असतं? मशीनने अल्लू अर्जुनचा आवाज तंतोतंत हिंदीत आणला असता आणि बहुतेक 'मैं पीछे नहीं हटूंगा' म्हणून मोकळं झालं असतं. एआय मुंबईची हिंदी शिकणारच नाही असं नाही, शिकेलही. पण ती शिकवायला लागणारे आवाज याच लोकांचे असतील. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. अरिजितचा आवाज ओळखीचा आहे, म्हणून तो कोर्टात जाऊन 'हा माझा' म्हणू शकला. डबिंगवाल्याचा आवाज प्रेक्षकाच्या डोक्यात दुसऱ्याच्याच नावावर जमा असतो. त्याने कोर्टात जाऊन काय म्हणायचं?

श्रेयसच्या बाबतीत मधल्या काळात गोष्ट आवाजाच्याही पलीकडे गेली होती. १४ डिसेंबर २०२३ ला 'वेलकम टू द जंगल'चं शूटिंग संपवून घरी आल्यावर त्याला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. वय ४७. सोशल मीडियावर लोक 'रेशीमगाठ'मधल्या यशसाठी प्रार्थना करत होते आणि पुष्पासाठीही, बऱ्याच जणांना तर दोघं एकच हे त्या दिवशी कळलं.

बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याचा आवाज पंधरा दिवसांत दोन मोठ्या सिनेमांत होता. ५ तारखेला 'पुष्पा २' आणि २० तारखेला 'मुफासा', पुन्हा टिमॉन. 'पुष्पा २'च्या हिंदी व्हर्जनचा पहिल्या दिवसाचा निर्मात्यांनी सांगितलेला आकडा होता ७२ कोटी. कुठे ३, कुठे ७२. हिंदीची एकूण कमाई ८०० कोटींच्या पुढे गेली. तोवर हिंदीत एवढा पैसा कोणत्याच सिनेमाने केला नव्हता, शाहरुखच्या 'जवान'नेही नाही. आणि एवढं होऊनही आपण अल्लू अर्जुनला कधी भेटलेलो नाही, असं श्रेयस त्या वेळच्या मुलाखतींत सांगत होता.

पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारी २०२५ ला, 'इमर्जन्सी' आला. त्यात तो अटलबिहारी वाजपेयी. ज्यांची भाषणातली थांबण्याची पद्धत अख्ख्या देशाला पाठ आहे, असा माणूस. लाल चंदनाच्या तस्करानंतर थेट अटलजी. भूमिका लहान होती आणि सिनेमा काही चालला नाही, पण निवड करणाऱ्याने कशाकडे बघून ही निवड केली असेल याचा अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट राहिली. 'पुष्पा २' तेलुगूशिवाय हिंदी, तमिळ, कन्नड, मल्याळम आणि बंगालीत आला. मराठीत नाही. कारण सरळ आहे, मराठी प्रेक्षकाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला? डब सिनेमे आले तर मराठी सिनेमाला मिळणारी थोडीफार थिएटरंही जातील, ही भीती आपल्याकडच्या निर्मात्यांना आहेच, आणि ती खोटी नाही. टीव्हीवर मात्र दक्षिणेतले सिनेमे मराठीत डब होऊन सर्रास लागतात. म्हणजे मराठी माणसाच्या आवाजातला पुष्पा बंगाल सोडून निम्म्या भारताने हिंदीत ऐकला, पण 'मी झुकणार नाही' असं तो मराठीत कधी म्हणालाच नाही.

'पुष्पा २'च्या शेवटी पडद्यावर तिसऱ्या भागाचं नाव येतं, 'द रॅम्पेज'. त्यात अल्लू अर्जुन असणार हे उघड आहे. हिंदीत त्याच्या तोंडी कोण असेल, माणूस की मशीन, हे त्या पाटीवर लिहिलेलं नाही.